आंब्याची बाधा

वैशाख लागला की आमच्या वासण्याच्या सोसायटीत जिन्यापासूनच आंब्याचा वास सुरू होतो. तळमजल्यावर कुणाच्या तरी पलंगाखाली गवतात केसर पिकत पडलेला असतो. पहिल्या मजल्यावर हंसाबेनच्या गॅलरीत कैरीचा कीस आणि साखर घातलेलं पातेलं तोंडाला फडकं बांधून उन्हात बसलेलं असतं. त्याचा छुंदा व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस हंसाबेन कावळ्यांशी भांडत असतात. दुसऱ्या मजल्यावर आम्ही. तिथे माझी आई पुऱ्या लाटत असते. बडोद्यात आम्ही ह्या दिवसांना उन्हाळा म्हणतच नाही, रसाचे दिवस म्हणतो. बाहेर रस्त्यावरचं डांबर का वितळेना, घरात दुपारी बाराला ताटात पुरी आणि वाटीत रस, वर चिमूटभर सुंठ आणि तुपाचा थेंब. मग पंखा, मग झोप.

आई रस काढते, पुऱ्या तळते, सगळ्यांना आग्रह करकरून वाढते आणि स्वतः आमटी-भात घेऊन बसते. हे मी इतकी वर्षं पाहत आले की ते मला दिसेनासं झालं होतं.

आईला आंबा बाधतो. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती. कुणी नवा पाहुणा 'अहो, एवढीशी फोड तरी घ्या' म्हणाला की आम्ही एका सुरात सांगायचो, 'तिला बाधतो.' आई स्वतः मात्र दर वेळी एकच वाक्य बोलायची, 'मला आंब्याची बाधा आहे.' आता हे मराठी जरा वाकडंच. पण आईचं सगळंच मराठी आम्हांला जरा वाकडं वाटायचं, त्यामुळे तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आई बडोद्याच्या नागरवाड्यातली. तिचे कुणी खापरपणजोबा संस्थानच्या फौजेत होते. फौज गेली, संस्थान गेलं, घरात भिंतीवर एक म्यान राहिलं, तलवार कुणी नेली ते कुणालाच माहीत नाही. पण मराठी राहिलं. फक्त त्या मराठीत भाजीला शाक म्हणतात, पुस्तकाला चोपडी म्हणतात आणि दारातून निघताना 'येते' म्हणायच्या ऐवजी 'आवजो' म्हणतात. बाबा सांगलीकडचे. नंदेसरीच्या रसायनांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि जन्मभर स्वतःला पाहुणाच समजत राहिले. लग्नाच्या पहिल्या वर्षी आईनं त्यांना बाजारातून 'दोन किलो केरी' आणायला सांगितलं होतं. गुजरातीत केरी म्हणजे आंबा. बाबांनी इमानदारीनं दोन किलो हिरव्यागार कैऱ्या आणून ओट्यावर ठेवल्या. घरात पाहुणे रस-पुरीला बसलेले. त्या दिवशी पाहुणे पुरीबरोबर पन्हं प्यायले. तेव्हापासून आईच्या बोलण्याचं भाषांतर करायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. त्यामुळे ती 'आंब्याची बाधा आहे' म्हणाली तेव्हा बाबांनीच आम्हांला समजावलं, 'आंबा बाधतो म्हणतेय. पूर्वी खायची. पण वयानुसार काहीही बाधायला लागतं.' आई तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

आंबा तोंडात न घालणारी बाई आंब्याचं सगळं करायची ही खरी गंमत. लोणचं, मुरंबा, साखरांबा, पन्हं, रस. चव बघायला मी. स्वयंपाकघरातून हाक यायची, 'वैजू, जीभ दे!' मी खेळ टाकून पळत जायचे. आई चमच्यानं माझ्या तळहातावर थेंबभर रस टाकायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी लहान होते, आंबट-तुरट असले शब्द मला अपुरे वाटायचे, म्हणून मी आंब्याचे स्वभाव सांगायचे. हा रडका आहे. हा गप्प आहे. हा हसरा आहे. रडका असला तर आई साखर वाढवायची, गप्प असला तर मिठाची कणी टाकायची. हसरा म्हटलं की झाकण ठेवून मोकळी व्हायची. पुढे मी मोठी झाले, शाळेत भूगोल शिकवायला लागले, केसांत पांढरं आलं, तरी वैशाखात हाक तीच, 'जीभ दे.' आणि मीही तेच सांगत आले. एकदा मी तिला म्हटलं, 'तू एक बोट लावून बघ की, त्यानं काय मरशील?' ती म्हणाली, 'लावता नाही येत.' मला वाटलं, घसा धरत असेल.

माझ्या लहानपणीचा एक उन्हाळा मी आयुष्यभर जपून ठेवला आहे. वैतागलेली असले, शाळेच्या पेपरांचे गठ्ठे समोर असले, की मी तो काढून बघते.

त्याच्या आधीची थंडी वाईट गेली होती. मी चौथीत होते. पौषात ताप आला तो उतरेचना. विषमज्वर. माघात ताप गेला, पण जाताना पायांतली शक्ती घेऊन गेला. उभी राहिले की गुडघे दुमडायचे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, जाईल. पंधरा दिवस झाले, महिना झाला, जाईना. आम्ही तेव्हा नागरवाड्यातच दोन खोल्यांत राहायचो. रोज दुपारी आई तिळाचं तेल कोमट करून माझ्या पायांना चोळायची. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वर, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत खाली. बोलायची नाही. तिचे ओठ मात्र हलत असायचे. मग संध्याकाळी मला कडेवर घेऊन गच्चीवर जायची, मधोमध उभी करायची आणि स्वतः कठड्यापाशी जाऊन म्हणायची, 'इथपर्यंत ये, मग गड दिसेल.' हवा स्वच्छ असली की तिथून लांबवर निळसर पावागड दिसायचा. गच्चीच्या मध्यापासून कठड्यापर्यंत सात पावलं. पहिल्या दिवशी मी दोन टाकली आणि बसले. फाल्गुनात एका संध्याकाळी सातवं पाऊल टाकून मी कठडा धरला. गड दिसला. आई माझ्याकडे न बघता गडाकडेच बघत होती आणि रडत होती.

वैशाखात बाबांनी कंपनीत रजा टाकली आणि आम्ही तिघं एस.टी.नं पावागडला गेलो. माझी ठेवणीतली गोष्ट इथून सुरू होते. बसच्या खिडकीतून येणारी गरम हवा, वर्तमानपत्राच्या पुडीत मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या चकत्या, लांबूनच मोठा मोठा होत जाणारा डोंगर. गाड्या निम्म्या वाटेवर मांचीपर्यंत जातात. तिथून पुढे पायऱ्या, नाहीतर रोप-वे. बाबांना रोप-वेचं कोण अप्रूप! कारखान्यातल्या लोकांकडून त्यांनी सगळी माहिती काढून ठेवली होती, तार किती जाड, डबा कसा अडकवतात. मांचीला उतरल्या उतरल्या आईनं पायऱ्यांपाशी बसून स्वतःच्या चपला काढल्या, मग माझे सँडल काढले.

'हे काय?' बाबा म्हणाले.

'चालत जाऊ. हळूहळू.'

'वेड लागलंय का तुला? आत्ता तर पोर तापातून उठलीय.'

'हळू जाऊ. बसत बसत जाऊ. पोहोचू केव्हातरी.'

'अगं, तिकिटं काढून झाली!' बाबांनी हात वर करून तिकिटं फडकवली आणि मला उचलून खांद्यावर घेतलं.

डबा तारेवर झुलत सुटला आणि मी बाहेर डोकावले. खाली झाडांचे शेंडे, मांचीची दुकानं काडेपेट्यांएवढी, पायऱ्यांवरून चढणारी माणसं. बाबा एकेक दाखवत होते, 'तो बघ तलाव, ती बघ किल्ल्याची भिंत.' त्यांना इतकं आनंदात मी क्वचितच पाहिलं. आई समोर बसली होती. माझे सँडल तिच्या मांडीवर आणि डोळे घट्ट मिटलेले. बाबा मला डोळा मारून म्हणाले, 'घाबरली!' तेव्हापासून 'आई उंचीला घाबरते' हाही आमच्या घरातला नेहमीचा विनोद झाला. वर उतरल्यावर देवळापर्यंत ज्या थोड्या पायऱ्या होत्या त्याही मी बाबांच्या खांद्यावरूनच चढले. आई मागून दोनदा म्हणाली, 'आता तरी उतरवा तिला.' बाबांनी नाही उतरवलं. गर्दीच्या वरून मला कालिकामातेचे डोळे दिसले, मोठे, पांढरे. घरी येईपर्यंत माझ्या पायांना माती लागली नाही, हे बाबा पुढे कितीतरी वर्षं कौतुकानं सांगायचे.

नंतर आम्ही पुष्कळदा पावागडला गेलो, दर वेळी रोप-वेनंच. चैत्र-वैशाख आला की आईचं टुमणं सुरू व्हायचं, 'यंदा चालत जाऊ या का गं?' एका वर्षी माझी स्कॉलरशिपची परीक्षा होती, एका वर्षी बाबांची पाळी. मग माझं कॉलेज, लग्न, बदल्या. बाबा गेले आणि आई आमच्याकडे वासण्याला राहायला आली, तेव्हाही तिनं विचारलं. मी म्हटलं, 'आई, तुझे गुडघे बघ. रोप-वे आहे की.' ती म्हणाली, 'माझं राहू दे, तू चाल.' मी हसले. वर्गात फळ्यावर पावागडचा आडवा छेद काढून, हा डोंगर लाव्हारसाचा कसा झाला हे मी वीस वर्षं पोरांना शिकवते आहे. मांचीवरून वर जाणारी त्याची एक पायरी मात्र मी कधी चढले नव्हते.

ह्या वैशाखात, दुपारच्या वेळी, हंसाबेन वर आल्या. त्यांच्या भावानं गीरहून केसरची पेटी पाठवली होती, त्यातले चार आंबे परातीत घालून आणले होते. आई आतल्या खोलीत पडली होती. हंसाबेन म्हणाल्या, हे तुमच्यासाठी हं, मासींसाठी नाही. आईला त्या मासी म्हणतात. मी म्हटलं, 'हा, मम्मीने केरी नडे छे ने.' म्हणजे आंबा बाधतो ना तिला.

हंसाबेननी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी स्वतःचं नाव चुकीचं सांगितलं. 'नडे शेनी? मासीने तो बाधा छे!' बाधतो कसला, मासींना तर बाधा आहे.

'हा, ए ज ने,' मी म्हटलं, म्हणजे तेच ते. आणि परात हातात घेऊन तशीच उभी राहिले.

गुजरातीत बाधा म्हणजे नवस. नुसता नवस नव्हे, आवडीची एखादी गोष्ट सोडून धरलेला नवस. मागितलेलं मिळालं की देवीच्या दारी जायचं, बोललेलं पुरं करायचं, बाधा सोडायची आणि मगच ती गोष्ट तोंडात घालायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत मी दिवसभर गुजराती बोलते. शिक्षकांच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी म्हणतंच, 'मारे चानी बाधा छे,' आणि मी समजून त्यांच्या पुढचा चहाचा कप उचलते. पण घराचा उंबरठा ओलांडला की माझे कान मराठी होतात. आई तीच, शब्द तोच, रोज माझ्या कानावर पडणारा. हंसाबेनना सोसायटीत ओळख झाल्या वर्षीच जे कळलं होतं, ते पोटच्या पोरीला कळलं नव्हतं.

मी आत गेले. आई जागीच होती.

'आई, तुला आंब्याची बाधा आहे म्हणजे काय आहे?'

'म्हणजे बाधा आहे.'

'कुठली?'

'पावागडची.' किती वाजले असं विचारल्यावर सांगावं तसं तिनं सांगितलं.

'कधीपासून?'

'तुझ्या तापापासून.'

खरं सांगते, मला आधी रागच आला. सदतीस उन्हाळे! मी जवळजवळ ओरडलेच, 'आणि हे तू मला आत्ता सांगतेस?'

'आत्ता कुठे? दर वर्षी सांगते. पाहुण्यांसमोर सांगते. तुम्हीच मध्ये बोलता.'

'बाबांना तरी?'

ती उठून बसली. पदर सारखा केला. 'त्यांना कसं सांगू? त्या दिवशी केवढे खूश होते ते. तुला खांद्यावरून उतरवेनात. तुमच्या हौसेपायी माझी बाधा सुटायची राहिली, असं सांगू त्यांना? म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी चालत आणू. पुढचं वर्ष काही आलं नाही.'

'आणि मी मोठी झाल्यावर?'

'तुला म्हणत होते की चाल. तू हसायचीस. आता बाधेसाठी तुला फरफटत नेलं, तर ते तुझ्या पायांनी चालणं कसं होईल?' मग स्वतःच हसून म्हणाली, 'राहू दे गं. चुलीत घाल. आता ही माझ्याबरोबरच जायची.'

हे वाक्य तिनं सहज टाकलं, पण मला ते ऐकवेना. ती एकोणसत्तरची आहे. गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी तिला जिनेसुद्धा बेतानं चढायला सांगितलं आहे. रसाचे दिवस तिच्या वाट्याला अजून किती, हे मोजायची माझी छाती नाही. आणि दुसरीही एक गोष्ट मला सलत होती, ती बोलूनच टाकते. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुंदर दिवस, तो झुलणारा डबा, बाबांचे खांदे, तो दिवस आईसाठी काय होता? ती उंचीला घाबरली नव्हती. मांडीवर माझे सँडल घेऊन, डोळे मिटून, ती देवीची माफी मागत होती. आणि आम्ही बापलेक तिला हसत होतो. मी दोन दिवस ती आठवण उलटीसुलटी करून पाहिली. बाबा चुकले असं म्हणवत नाही, आई चुकली असंही म्हणवत नाही. ती दोघं माझ्याच पायांची काळजी करत होती, एवढं मात्र कळलं.

तिसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, 'तू बोलली होतीस ते शब्द सांग. जसेच्या तसे.'

तिला पाठ होते. '"पोरीच्या पायात जोर दे. तिला तिच्या पायांनी चालवत तुझ्या दारात आणीन. तोवर आंबा तोंडात घालणार नाही."'

'मग ह्यात तुझं चालणं कुठे आलं? पाय माझे म्हटलेत.'

'पण "आणीन" म्हटलंय ना. मी नको का बरोबर?'

'तू रोप-वेनं वर जा. मी पायऱ्यांनी येते. मग देवळाच्या दारात तूच ने.'

आईला हे पटावंसं वाटत होतं आणि पटतही नव्हतं. ती म्हणाली, वकिली करू नकोस, देवी आहे ती. शेवटी खटला पहिल्या मजल्यावर गेला. हंसाबेननी छुंद्यावरचं फडकं सारखं करत सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, 'चाले. माताजी मा छे, मामलतदार नथी.' माताजी आई आहे, कचेरीतला अधिकारी नाही. शिवाय मासींसोबत रोप-वेमध्ये बसायला त्या स्वतः आल्या.

पहाटेच बडोद्याहून निघालो आणि सूर्य वर यायच्या आत मांचीला पोहोचलो. पायऱ्यांपाशी आई थांबली. 'चपला काढ,' ती म्हणाली. मी काढल्या. तिनं त्या रुमालात गुंडाळून आपल्या कापडी पिशवीत टाकल्या. आता माझ्या चपला वर जाणार होत्या, त्यामुळे मलाही वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझी आई भोळी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

चढ सुरू झाला. पहिल्या शंभर पायऱ्या मी भूगोलाच्या बाई होते. खडकाचे थर बघत होते, किल्ल्याच्या भिंतीतला कुठला दगड इथला असेल ह्याचा अंदाज करत होते. दुसऱ्या शंभरात बाई गेल्या आणि नुसता श्वास राहिला. दोन्ही बाजूंना चुनडी-नारळाची दुकानं उघडत होती, ओल्या फडक्यानं काकड्या पुसल्या जात होत्या, कुठेतरी चुलीवर चहा उकळत होता. पावागड आता पुष्कळ बदलला आहे. वाट रुंद झाली आहे, देवळाचं शिखर नवं आहे. पण गार दगडावर अनवाणी पाय पडला की अंगावर येणारा काटा काही बदलला नसावा. मला जुनं माहीत नाही, मी नुसतंच म्हणते.

माझ्या पुढे एक बाई प्रत्येक पायरीवर कुंकवाचं बोट टेकवत चढत होती. वाकायची, बोट लावायची, उठायची. मी तिला गाठलं, तिनं मला गाठलं, असं बराच वेळ चाललं. एका वळणावर दोघी एकदमच बसलो. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि विचारलं, 'बाधा छे, बेन?'

'हा,' मी म्हटलं. 'मारी नथी. मम्मीनी.'

'तो तमारी ज ने,' ती म्हणाली. आईची म्हणजे तुमचीच की. आणि पुढच्या पायरीला बोट लावायला उठली.

नवानंतर दगड तापायला लागला. उजवा गुडघा कुरकुरायला लागला. वरून तारेवरचे डबे जाऊ लागले होते. त्यातल्या कुठल्यातरी डब्यात आई माझ्या चपला मांडीवर घेऊन बसली असेल, ह्या विचारानं मी मान वर केली तर ऊन डोळ्यांत गेलं. मला एकदम नागरवाड्याची गच्ची आठवली. इथपर्यंत ये, मग गड दिसेल. तेव्हा सात पावलं टाकायला मला महिना लागला होता. मग मी बसले नाही.

रोप-वेच्या वरच्या टोकाला, छपराखाली, आई बाकावर बसली होती. हंसाबेन तिला पदरानं वारा घालत होत्या. मी दिसताच आई उठली. खाली वाकली, मला वाटलं चपला काढते आहे पिशवीतून, तर तिनं माझ्या पायांवरून हात फिरवला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वर, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत खाली. सगळी माणसं बघत होती. मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

मग माझा हात धरून तिनं मला उरलेल्या पायऱ्या चढवल्या. म्हणजे ती मला चढवत होती असं आम्ही दोघींनी धरून चाललो होतो, भार सगळा माझ्या खांद्यावर होता. देवळात गर्दी. 'आगळ वधो, बेन, आगळ वधो,' स्वयंसेवक सगळ्यांना पुढे ढकलत होता. देवीसमोर आम्हांला फार तर दोन क्षण मिळाले. सदतीस वर्षांचं बोलायचं तर ते दोन क्षण कुठे पुरणार? पण आईनं फक्त माझा दंड धरून मला पुढे केलं आणि म्हणाली, 'ही बघ. चालत आणली.' तेवढ्यात आम्ही बाहेर ढकललोही गेलो.

बाहेर कठड्याच्या सावलीत बसून तिनं पिशवीतून आंबा काढला. हंसाबेननी दिलेल्या चारांतला, निवडून ठेवलेला. हाताच्या पंज्यात धरून ती तो दाबून दाबून माचवत राहिली. फार वेळ. देठाकडचं टोक दातानं काढलं, चिकाचा पहिला थेंब दगडावर टाकला, आणि थांबली.

'काय झालं?'

'आता खरंच बाधला तर?'

आम्ही तिघीही इतक्या हसलो की शेजारची माणसं वळून बघू लागली. मग तिनं आंबा तोंडाला लावला. डोळे मिटले. त्या दिवशी डब्यात मिटले होते तसे घट्ट नाही, अगदी हलके. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तिला पुसायचं भान नव्हतं. मी काहीतरी विचारायला गेले तर हंसाबेननी माझा हात दाबला. कोय पांढरी होईपर्यंत आई चोखत राहिली.

'हसरा आहे,' ती म्हणाली. 'तू सांगायचीस तसाच.'

त्या रात्री मी लवकर झोपले आणि सकाळी उठले तर उजवा गुडघा टोपलीएवढा सुजलेला. लंगडत लंगडत स्वयंपाकघरात गेले, आलं टाकून चहा केला, दोन कप भरले. माझ्या आईला सकाळच्या चहाशिवाय कुणाचं तोंड बघायला आवडत नाही, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. कप तिच्यापुढे ठेवला. तिनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि कप हळूच माझ्याकडे सरकवला.

'तूच घे दोन्ही,' ती म्हणाली. 'मला चहाची बाधा आहे.'

ह्या वेळी मी नीट ऐकलं. गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवून मी तिच्याशेजारी बसले.

'पायीच ना?' मी विचारलं.

'मग काय? तुझ्या गुडघ्यासाठीच धरलीय तर.'

दोन्ही कप मी प्यायले. डॉक्टर म्हणाले, सूज उतरायला आठ दिवस लागतील. नवव्या दिवसाची मांचीची गाडी मी आजच ठरवून टाकली आहे.